इंदूर होळकरांचं होतं, मग इंग्रजांनी आपलं काय बिघडवलं?

इंदूरच्याच, सध्या पुण्यात इतिहास शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय: "वसाहतवादाचे दूरगामी परिणाम वाचायला घेतले की उदाहरणं बंगालची, मद्रासची, नाहीतर आफ्रिकेतली असतात. आपलं इंदूर तर शेवटपर्यंत होळकरांचं होतं. ना इंग्रज कलेक्टर, ना गव्हर्नर. मग आपल्यावर परिणाम झाला तो नेमका कोणता? की संस्थानी मुलूख त्यातून वाचला? माझे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, त्यांचे मोडी कागद घरात ट्रंकेत आहेत, म्हणून हा प्रश्न मला घरचाच वाटतो, काका."

बेटा, वाचला नाही. पण आपल्याकडे परिणाम वेगळ्या वाटेने आला, म्हणून तो पुस्तकांत पटकन सापडत नाही. मी 34 वर्षं इंदुरात महसुली दावे चालवतो आणि त्यासाठीच मोडी शिकलो. त्यामुळे मी सांगतोय ते जमिनीच्या आणि कागदाच्या बाजूने. ज्याचं आयुष्य कापडगिरणीत किंवा शाळेत गेलं, तो दुसऱ्या बाजूने सांगेल.

माझ्या कामात एक शब्द रोज येतो: वहिवाट. वाट, पाणी, चराई, देवस्थानाचा मान, पाटीलकीचा हक्क, सगळं वहिवाटीने चालत असे. वहिवाट म्हणजे चालत आलेलं, पण त्यात एक सोय होती. ती चालवता चालवता बदलता येत असे. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, एखादं घर बुडालं, एखाद्या भावकीत माणसं वाढली, की चार जण बसून नवी घडी घालत. कधी भांडून, कधी डोकी फोडून, पण घालत. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर इंग्रजी अंमलाने ही चालती वहिवाट एका दिवसाला थांबवली, त्या दिवशी जे जसं होतं ते नोंदलं, आणि मग नोंद हीच वहिवाट ठरवली. आपल्या माळव्यात तो दिवस साधारण 1818 सालचा आहे.

आधी त्या दिवसाबद्दल. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज हरली आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह झाला. गादीवर मल्हारराव दुसरे, वयाने लहान. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत राज्यांवरचे हक्क गेले, अमीरखान आणि गफूरखान यांच्याकडे टोंक आणि जावरा कायमचे राहिले. भानपुऱ्याहून राजधानी इंदूरला आली, दरबारावर नजर ठेवणारा इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, येऊन बसला, आणि त्याच साली तेवीस-चोवीस किलोमीटरवर महूची छावणी उभी राहिली. एवढं तुझ्या क्रमिक पुस्तकात असेलच. पण त्या तहातलं एक कलम नीट वाच. महाराजांची मुलंबाळं, नातलग, नोकरचाकर आणि प्रजा यांच्याशी ईस्ट इंडिया कंपनीचा काहीही संबंध नाही, त्यांच्यावर महाराजांचा पूर्ण अधिकार, अशा अर्थाचं ते कलम आहे.

वरवर वाचलं तर हा राजाचा मान वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा. पुढे जुने कागद वाचताना लक्षात आलं की रयतेच्या बाजूने हे फार वाईट कलम आहे. तहाआधी राजा जुलमी निघाला तर रयतेकडे एकच मोठं हत्यार होतं: गाव उठून जाणं. परागंदा होणं. जुन्या मोडी पत्रांत "रयत परागंदा झाली, गाव बेचिराख" हे शब्द सारखे येतात, आणि त्यांच्या मागोमाग "कौल देऊन रयतेस दिलासा करावा" हेही येतं; कौल म्हणजे अभयाचं वचन. माणसं कमी आणि जमीन जास्त, त्यामुळे शेतकरी निघून गेला की मामलेदाराची झोप उडत असे. सरदाराने बंड केलं, शेजारच्या राजाने गावं फूस लावून नेली, तरी राजाला नमतं घ्यावं लागे. 1818 नंतर बंडाला उत्तर द्यायला इंग्रज फौज महूत होती. शेजारी राजा आता शत्रूही नव्हता आणि आसराही नव्हता. राजाला प्रजेची भीती उरली नाही. भीती उरली ती फक्त रेसिडेंटच्या कचेरीची, रेसिडेन्सीची.

आणि ती भीती खरी होती. प्रजेशी संबंध नाही म्हणणाऱ्यांनीच 1875 मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. आपल्याकडे शिवाजीराव 1903 मध्ये पायउतार झाले. 1925 च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत आले आणि 1926 मध्ये तुकोजीराव तिसऱ्यांनी गादी सोडली. यातल्या कोणत्याही निर्णयात इंदूरच्या किंवा बडोद्याच्या माणसाला कोणी विचारलं नाही. राजा चांगला की वाईट, हे ठरवणारा माणूस दुसऱ्याच आवारात राहत होता. इंदुरात ते आवार आजही आहे. रेसिडेन्सी भागात जा, रस्ते रुंद, झाडं मोठी, बंगले अधिकाऱ्यांचे. मग तिथून राजवाड्यामागच्या गल्ल्यांत ये. एकाच शहरात दोन राज्यं होती हे पायी चालून कळतं.

आता थोडं थांबून आपल्या लोकांबद्दल बोलायला हवं, कारण ते टाळलं तर बाकीचं उत्तर खोटं होईल. आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याचे मराठी लोक इथले मूळचे नाही. आपले पूर्वज मुलूखगिरी करत आले. चौथाई-सरदेशमुखी घेतली, मोकासे, म्हणजे वसुलीतले वाटे, घेतले. आणि 1818 च्या आधीची पंधरा-वीस वर्षं माळव्यात इतकी वाईट गेली की लोक त्या काळाला "गर्दी का वक्त" म्हणत. पेंढारी लुटत होतेच, पण शिंदे-होळकरांच्या बिनपगारी पलटणीही लुटत होत्या. त्यामुळे तह झाल्यावर शेतकऱ्याला सुटल्यासारखं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. ते सुटणं खरं होतं. गावं पुन्हा वसली. माझा आक्षेप त्या शांततेला नाही, तिची किंमत कशात घेतली गेली त्याला आहे.

किंमत कशात, ते अफूवरून सर्वांत स्वच्छ दिसतं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माळव्याची गोष्ट अफू वगळून सांगताच येत नाही आणि आपल्या घरांत ती कोणी सांगत नाही.

अफू इंग्रजांनी आणली नाही. अकबराच्या काळातही माळव्याची अफू नावाजलेली होती. पण कंपनी बंगाल-बिहारची अफू मक्तेदारीने चीनकडे पाठवत होती आणि माळव्याची अफू तिला स्पर्धक होती. म्हणून आधी ती दडपायचा प्रयत्न झाला. 1820 च्या दशकात कंपनीने माळव्यातली अफू स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली, संस्थानांशी करार करून लागवड आणि वाहतूक बांधून घातली. व्यापाऱ्यांनी काय केलं? माल राजपुताना, सिंधमार्गे कराचीला आणि तिथून दमणला नेला. पोर्तुगीजांच्या बंदरातून तो चीनला निघाला. कंपनीने हात टेकले आणि परवान्याची पद्धत आणली: माल मुंबईमार्गेच न्या, दर पेटीला इतकी रक्कम भरा, पास घ्या. 1835 च्या सुमारास एका पेटीला 125 रुपये. मग 1843 मध्ये सिंध जिंकलं, कराचीची पळवाट बुजली, आणि दर चढत गेला. 1847 मध्ये तो 400 वर होता, पुढे 600 च्याही वर गेला. पेटी म्हणजे सुमारे 140 पौंड, आपल्या हिशोबाने 63-64 किलो.

आता हे नीट समजून घे. पिकवणारा शेतकरी होळकरांचा, शिंद्यांचा, जावऱ्याचा, रतलामचा. विहीर त्याची, बैल त्याचे, मोट त्याची. दुष्काळ पडला तर सोय त्या त्या दरबाराने करायची. आणि इंदुरात अफूच्या काट्यावर इंग्रजांचा अफू एजंट बसलेला, पेटीमागे पैसे घेणारा. ज्या मुलखात एक शाळा बांधायची जबाबदारी नाही, एक पाझर तलाव खोदायची जबाबदारी नाही, त्या मुलखातून सरकार वर्षानुवर्षं वसुली करत राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात अफूचा एकूण वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास होता. म्हणून तुला कोणी म्हटलं की माळव्यावर इंग्रजांचं राज्य नव्हतं, तर एवढंच विचार: मग काट्यावर कोण बसलं होतं?

यातून काही घराणी गबर झाली हेही खरं. इंदूर, उज्जैन, रतलामच्या सावकारीत अफूचा आणि अफूच्या सट्ट्याचा पैसा होता, आणि पुढे त्यातला काही गिरण्यांत आला. पण शेताच्या पातळीवर काय झालं? उत्तमातली उत्तम ओलिताची जमीन या पिकाखाली गेली. पिकाला आगाऊ पैसा लागतो, तो सावकार देतो आणि पीक उभं असतानाच भाव ठरवून घेतो. शेतकरी दूरच्या बंदरातल्या भावाला बांधला गेला. 1899-1900 चा दुष्काळ, संवत 1956 म्हणून ज्याला इकडे छप्पनिया म्हणतात, "पग पग रोटी, डग डग नीर" म्हणवणाऱ्या माळव्याला फार जड गेला. मग 1907 च्या करारानंतर चीनचा व्यापार आवरत गेला आणि 1913 मध्ये संपला. हा निर्णयही लंडन, पेकिंग आणि कलकत्ता यांच्यामध्ये झाला. माळव्यातल्या ज्या विहिरी त्या पिकाच्या भरवशावर खोदल्या होत्या, त्यांची कर्जं तशीच राहिली.

हे सगळं जुनं झालं म्हणशील, तर एखाद्या फेब्रुवारीत माझ्याबरोबर मंदसोर-नीमचकडे चल. मी कामानिमित्त दरवर्षी जातो. शेताला काटेरी कुंपण, वर पक्ष्यांसाठी जाळी, कडेला खाट टाकून रात्रीची राखण. दुपार कलली की घरची बाई हातात तीन-चार टोकांची लहानशी सुरी घेऊन बोंडाबोंडाला उभे चिरे देते. हात इतका हलका की बोंड फाटत नाही, फक्त सालीला चीर पडते. पांढरा चीक रात्रभर झिरपतो, काळसर होतो आणि पहाट फुटताच तो खरवडून भांड्यात घेतात. उन्हं वर यायच्या आत काम आटपायचं. एका सकाळी पावसाची भुरभुर आली तेव्हा त्या घरातली सगळी माणसं, शाळेतली मुलंसुद्धा, एक शब्द न बोलता शेतात धावली होती. चीक वाहून गेला तर नुसतं पीक जात नाही, पुढच्या वर्षीचा पट्टाही जातो.

कारण लागवड आजही सरकारी परवान्यावर. दहा आरीचा पट्टा म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा. किती मॉर्फिन निघालं यावर पुढच्या वर्षी पट्टा मिळणार की कटणार ते ठरतं. गावात सरकारने नेमलेला मुखिया असतो, सरकारी तोल असतो, खरेदीदार एकटं सरकार, भाव सरकारचा. माल नीमच किंवा गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातो. खात्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. 1857 आणि 1878 चे इंग्रजी अफू कायदे 1985 पर्यंत चालले, मग नवा कायदा आला, पण परवाना, मुखिया, तोल आणि एकटा गिऱ्हाईक ही चौकट तीच आहे. औषधांसाठी अफू लागते, नियंत्रण हवंच, यात मला शंका नाही. पण शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव बोलता येत नाही, निकष ठरवताना त्याला कोणी बसवत नाही, आणि चूक त्याचीच धरली जाते, हे कुठून आलं ते कळायला हवं.

परत वहिवाटीकडे येतो.

कंपनीचे अधिकारी सर जॉन माल्कम यांनी माळव्यात 1818 नंतर एक काम मोठ्या हुशारीने केलं. मराठ्यांनी बाजूला सारलेले छोटे राजपूत गिरासिये ठाकूर होते. ते गावांवर येऊन पैसा मागत, नाही दिला तर जाळपोळ करत. माल्कमनी शिंदे-होळकरांकडून त्यांना ठरलेला तनखा लावून दिला, त्यांनी लूट थांबवायची आणि हमी इंग्रजांची. गॅरंटी असलेले ठाकूर ही नवी जात तयार झाली. लूट थांबली, लोकांना आराम पडला. पण याआधी ठाकूर आणि गाव यांचं नातं दर पिढीला नव्याने ठरे. ठाकूर दुबळा झाला तर गाव पैसे देत नसे, गाव उजाड झालं तर ठाकूर सूट देत असे. आता तो 1818 साली ज्याच्याकडे जितका जोर होता तितका कायमचा सनदेवर चढला. नातवाच्या नातवाला ती रक्कम मिळत राहिली, त्याच्या अंगात जोर असो नसो, गावात दाणे असोत नसोत. 1948 मध्ये मध्य भारत झाला आणि 1951 मध्ये जहागिरी आणि जमीनदारी नाहीशा करणारे कायदे आले तेव्हा कुठे हे सुटायला लागलं. त्या सुटण्यातून आलेले दावे मी माझ्या वकिलीच्या पहिल्या वर्षांत अजून चालताना पाहिले आहेत.

एक कागद सांगतो, म्हणजे मी नोंद-नोंद का म्हणतोय ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी देपालपूरकडचे दोन भाऊ आले, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन. मोडी ज्याने पाहिली नाही त्याला वाटतं कोणीतरी शाई सांडून बोटाने ओढलीय. आधी सरळ रेघ मारलेली आणि अक्षरं तिला लटकलेली, बोरू न उचलता. कागद त्यांच्या आणि शेजारच्या घरातल्या विहिरीबद्दल होता. विहीर सामायिक, मोट पाळीपाळीने चालवावी, पाणी आटल्यास आधी रोपाला मग उसाला, थारोळं फुटल्यास दोघांनी मिळून बांधावं. खाली चार गावकऱ्यांच्या निशाण्या, एक नांगर, एक कट्यार, दोन नुसते आडवे फराटे. इतकी सुंदर तडजोड मी क्वचित वाचली आहे. पाणी आटलं तर काय करायचं हेसुद्धा त्यात होतं.

पुढे होळकरी बंदोबस्त, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचं काम, झाला, ब्रिटिश मुलखातल्या पद्धतीवर बेतलेला. खसऱ्याच्या नोंदीत विहिरीसमोर नावासाठी एक रकाना, त्यात एक नाव बसलं, शेजारच्या घराचं. कारकून लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याच्या तक्त्यात पाळीला रकानाच नव्हता. पुढच्या दोन पिढ्या दोन्ही घरं पाळीनेच पाणी घेत राहिली, कोणी मिसल उघडली नाही. मग जमिनीला भाव आला, मुलं शिकली, एकाने नक्कल काढली आणि म्हणाला, विहीर आमची.

आमच्याकडे मोडी कागद होता. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर न्यायालय तो खरा मानू शकतं. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात हे होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. कागद खरा मानला गेला. पण महसुली नोंद त्याच्या नंतरची, सरकारी, छापील रकान्यातली. खालच्या पायरीवर आम्ही हरलो. अपिलात तारखा पडत राहिल्या. शेवटी दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्या बायकांनी पोरांना बसवलं आणि पाळी पुन्हा बांधून घेतली. ते समजुतीचं कलमबंद मीच लिहिलं, त्या मोडी कागदातली वाक्यं जशीच्या तशी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून. पाणी आटल्यास काय, ते कलमही घेतलं.

जमीन आणि पाण्याची नोंद चुकली तर निदान दावा लावता येतो. माणसांचीच नोंद चुकीची झाली तर? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलं. संस्थानांत ठगी-डकैती खातं 1904 पर्यंत काम करत होतं आणि नंतर त्याच मनोवृत्तीने पोलिसांपुढच्या हजेऱ्या, वसाहती, पास चालू राहिले. कंजर, पारधी, सांसी, मोघिये. यांतले कितीतरी लोक फौजांमागे धान्य वाहत, शिकार करत, जनावरं विकत फिरायचे. फौजा संपल्या, रेल्वे आली, जंगलाला कुंपण पडलं आणि ज्याचं घर फिरतं तो संशयित झाला. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला. पण चोरी झाली की आजही आधी कोणत्या डेऱ्यावर गाडी जाते, ते फौजदारी कोर्टात बसणाऱ्या कोणाही वकिलाला विचार. जमानतीच्या अर्जात "आदतन अपराधी" हा शब्द मी पाहतो तेव्हा मला त्या माणसाचा गुन्हा दिसत नाही, आजोबाची हजेरी दिसते. याचा मला आजही संताप येतो.

महूचं सांगायलाच हवं, कारण तिथे गोष्ट एका रंगाची राहत नाही. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब जन्मले. वडील रामजी सकपाळ सुभेदार, लष्करी शाळेत शिकवणारे. गावगाड्याने ज्या घराला पाटी दिली नसती, त्याला इंग्रजी पलटणीच्या शाळेने दिली. हे मान्य न करणारा माणूस वसाहतवादावर बोलतो तेव्हा मला त्याचा भरवसा वाटत नाही. पण तीच पलटण बाबासाहेबांच्या जन्मानंतर वर्षा-दोन वर्षांत महारांना बंद झाली, कारण सैन्याने लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी यादी केली होती. पुन्हा तेच, नोंद. आणि बडोदा? सयाजीरावांनी 1913 मध्ये त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, आणि 1917 मध्ये त्याच बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. दार इंग्रजाने उघडलं-बंद केलं, संस्थानानेही उघडलं-बंद केलं. तू प्रबंध लिहिशील तेव्हा यातली कोणतीही अर्धी बाजू घेऊ नकोस.

रेल्वेचं थोडक्यात: तुकोजीराव दुसऱ्यांनी 1870 मध्ये खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने. पैसा आपला, घाट आपला. रुळांच्या पट्टीवरचा अधिकार मात्र सरकारला सोडून द्यावा लागला, जसा तो इतर संस्थानांतही लागला. राज्याच्या पोटातून जाणारी, राज्याची नसलेली पट्टी.

तुझ्या प्रश्नात एक आडून विचारणं आहे, की संस्थानी प्रजा त्यातल्या त्यात बरी राहिली का. यावर अर्थशास्त्रज्ञांनी मोजमाप केलंय. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी 2005 मध्ये दाखवलं की जमीनदारी पद्धतीचे जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीच्या उत्पादनात आणि सोयींत मागे राहिले. अय्यर यांनी नंतर थेट इंग्रजी अंमल आणि संस्थानं यांची तुलना केली. गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस नाही म्हणून खालसा केलेली राज्यं आणि वारस असल्यामुळे वाचलेली राज्यं समोरासमोर ठेवून. निष्कर्ष असा की थेट अंमलाखालच्या भागांत नंतरच्या काळातही शाळा, दवाखाने, रस्ते कमी होते. म्हणजे हो, सरासरीने संस्थानं बरी. एक कारण असं मांडलं जातं की राजाला गादी जाण्याची धास्ती होती.

मला हे पटतं, आणि त्यातच माझा मुद्दा आहे. बडोद्याने 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, अमरेलीत तर 1893 मध्येच सुरुवात केली. ब्रिटिश मुलखाला ते जमलं नाही. पण चांगला राजा मिळाला ही नशिबाची गोष्ट राहिली. मिळाला नाही तर रयतेने कोणाकडे जायचं? दरबार म्हणायचा रेसिडेन्सीतून परवानगी नाही, रेसिडेन्सी म्हणायची हा दरबाराचा अंतर्गत कारभार. एकशेतीस वर्षांत आपल्या मुलखाच्या अंगवळणी काय पडलं तर अर्ज. मायबाप सरकारला विनंती अर्ज. आजही माझ्याकडे शिकलेली माणसं येतात, हक्काची गोष्ट मागायची असते आणि पहिली ओळ लिहून आणतात "श्रीमान महोदय से करबद्ध निवेदन". मी ती खोडतो आणि कलम घालतो. आणि खिडकीपलीकडून उत्तर येतं "ऊपर से आया है". ते वर कोण, हे विचारायची सवयच मोडली गेली.

आफ्रिकेशी सांधा जोडायचा असेल तर इथे जोड. ब्रिटिशांनी नायजेरियाच्या उत्तरेत अमीरांना ठेवून राज्य केलं, आपल्या रेसिडेंटासारखाच रेसिडेंट बसवून. बेल्जियमने 1930 च्या दशकात रवांडात ओळखपत्रांवर हुतू-तुत्सी छापलं. गुरं वाढली-घटली की पूर्वी माणूस ज्या भेदाच्या अलीकडे-पलीकडे जाऊ शकत असे, तो कार्डावर गोठला. 1994 मध्ये नाक्यांवर तीच कार्डं पाहून माणसं मारली गेली. रकान्याचं टोक तिथपर्यंत जाऊ शकतं.

आता तुझ्या ट्रंकेबद्दल, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कागद लॅमिनेट करू नकोस, कितीही जण सांगोत. घड्या जबरदस्तीने उलगडू नकोस, पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी सावलीत एकेक सोडव. स्टेपलर, सेलोटेप काहीही नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढ, कोऱ्या दिसणाऱ्या पाठीचेसुद्धा. मोडी मुळाक्षरं महिन्या-दीड महिन्यात येतात, पण एकट्याने शिकू नकोस, कोणाशेजारी बसून शीक. दिवाळीला इंदूरला येशील तेव्हा गठ्ठा घेऊन ये, आपण दोन दुपारी बसू. तुझे पणजोबा कारकून होते म्हणतेस, तर त्यांच्या हातची कच्ची टिपणं असण्याचा संभव आहे, पक्क्या मसुद्याआधीची. तक्त्यात जे बसलं नाही ते अशाच टिपणांच्या समासात राहिलेलं असतं. आधी तो समास वाचू.